धरायला एक, खुंटीला एक

नाटकघराच्या मागच्या फाटकाशी संपवाले धरणं धरून बसले होते, आणि आत दुपारचा खेळ चालू होता.

त्यात नवल ते काय, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगून टाकलं. धाकट्या मालकांनी गोदामात हमाली करणारी बदली माणसं आणली होती. माणसं आली म्हटल्यावर आत सामान सरकणार, पाट्या आपटणार, कप्प्या करकरणार. संपवाल्यांचे म्होरके होते सुतारकाका. त्यांनी तोंडातल्या तोंडात एक शिवी घोळवली, गिळली आणि सतरंजीवर मांडी बदलून बसले.

लेक मात्र कान देऊन ऐकत राहिली.

तिला सगळे लेकच म्हणत. माळ्यावर दोर ओढणाऱ्या अण्णांची लेक, म्हणून पोरपणी चिकटलेलं नाव. आता तिच्या स्वतःच्या कानांमागे पांढरं डोकावू लागलं तरी सुटलं नव्हतं. तिचं काम विंगेतलं. नटाच्या हातात ऐन वेळी पत्र ठेवायचं, पेला ठेवायचा, तलवार ठेवायची. पण कान तिचे माळ्यावर वाढलेले. कुठली कप्पी कुरकुरते आणि कुठली नुसती उसासते, हे तिला पाठ होतं.

आतली मोठी कप्पी कुरकुरली. दोर सुटू लागला, एका लयीत, ना घाई ना रखडणं. शेवटी वीतभर अंतर राहिलं असताना तो श्वासभर थांबला, आणि झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसा पडदा जमिनीला टेकला.

लेकीच्या अंगावर सरसरून काटा आला. पडदा असा ठेवणारा माणूस एकच होता. त्याला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं.

तिनं सुतारकाकांकडे पाहिलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते सतरंजीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत बसले होते, गुंडाळत आणि सोडत, आणि त्यांचा कान फाटकाकडे होता.

संप कशासाठी, ते सांगायला हवं. रंगमंचाच्या वर, प्रेक्षकांना कधी दिसत नाही अशा उंचीवर एक माळा होता. भिंतीला टेकवलेली लोखंडी शिडी, शिडीवरून अरुंद फळ्यांची वाट, वाटेच्या कडेनं लाकडी खुंट्या. एकेका खुंटीला एकेक दोर, आणि एकेका दोराला जगाचा एकेक तुकडा टांगलेला. याला जंगल, त्याला राजवाडा, आणि सगळ्यांत जड असा तो निळा पडदा, ज्याला सगळे आभाळ म्हणत. माळ्याचा कायदा जुना आणि साधा होता. धरायला एक, खुंटीला एक. एकानं भार हातावर घ्यायचा, दुसऱ्यानं खुंटीला फेरे मारायचे. आभाळासारखा पडदा हातात असताना माणसाला खुंटीकडे वळायला तिसरा हात लागतो, आणि तो देवानं दिलेला नाही.

खालून पाहिलं की मात्र दुसरा माणूस नुसता उभा दिसतो. धाकट्या मालकांनी खालूनच पाहिलं. एक ओढतो, एक उभा राहतो, मग उभं राहणारा कशाला, असं म्हणून त्यांनी खुंटीचा माणूस काढून टाकला. अण्णा एकटे राहिले. ते उंच होते, गुडघ्यानं दोर भिंतीशी दाबून एका हातानं फेरा मारायची युक्ती त्यांनी बसवली होती, आणि ती युक्ती पाहून मालकांना आपलंच म्हणणं खरं वाटलं.

मग एका दुपारच्या खेळाला आभाळ अर्ध्यावर येऊन थांबलं आणि थांबूनच राहिलं. नटांनी वाक्यं लांबवली. कुणीतरी वर गेलं. अण्णा उभे होते, भिंतीला पाठ टेकून, दोन्ही मुठी दोरावर. अंगात प्राण नव्हता, पण अंगाचा भार होता, आणि त्या भारानं आभाळ धरून ठेवलं होतं. खालच्या माणसांच्या डोक्यावर त्यांनी ते पडू दिलं नाही. पहारेकऱ्यानं दोर खुंटीला गुंडाळला, मग अण्णांची बोटं एकेक करून सोडवली.

तेव्हापासून कामगार एकच मागणी घेऊन मालकांच्या दारात उभे होते. जुनीच, माळ्याच्या कायद्यातली. महिने बोलण्यात गेले, तोवर आभाळ खुंटीलाच बांधलेलं राहिलं, आणि आता कामगार फाटकाशी बसले होते.

त्या दुपारी मध्यंतरात बदली माणसांतला एक जाडसर गडी विडी ओढायला बाहेर आला. माणूस भला होता, संपवाल्यांच्या नजरा चुकवत होता. विडी संपत आली तशी त्याला राहवलं नाही. तुमचा वरचा माणूस लई हुशार आहे म्हणाला. आपण खालून बघत राहतो, पडदा कसा पाण्यासारखा येतो. फक्त बोलत नाही बुवा. पाणी घेतोस का म्हणून हाक मारली, तर नुसता खोकला.

सुतारकाका म्हणाले, "आमचा एकही माणूस आत नाही."

"मग वर कोण आहे?"

"तुमच्यातलाच असेल."

गड्यानं आपली माणसं बोटांवर मोजल्यासारखं केलं. आमच्यातलं कुणी त्या शिडीवर पाय ठेवत नाही, म्हणाला. शिडीजवळ गेलं की गार लागतं. मग त्यानं न संपलेली विडी पायाखाली चिरडली, आणि परत आत न जाता रस्त्याच्या बाजूला चालू लागला. त्याचा डबा आतच राहिला.

 मग कपडेपटातल्या शिंपीणबाई, ज्यांना गप्प बसणं कधी जमलंच नव्हतं, म्हणाल्या की चला, आपण इथं घसा कोरडा करतोय आणि अण्णा आत संप फोडतायत. हसायला म्हणून बोलल्या. हसलं कुणीच नाही, त्यासुद्धा नाही.

थोड्या वेळानं धाकटे मालक स्वतः फाटकाशी आले. इस्त्रीचे कपडे, पॉलिश केलेले बूट, आणि चेहऱ्यावर लॉटरी लागलेल्या माणसाचा उजेड. त्यांनी आवाज चढवला नाही. उद्या बोलणी आहेत, म्हणाले, तेव्हा तुमच्यापुढे मी एकच गोष्ट ठेवणार आहे. तुम्ही म्हणता माळ्यावर दोन माणसं हवीत. मी म्हणत होतो एक पुरतो. आता बघा, शून्यावर चाललंय. वर कोण आहे, कसं चाललंय, हे ते विचारत नव्हते. फुकट मिळालेल्या गोष्टीचं खालचं अंग कुणी उलटून पाहत नाही. तरी परत जाताना शिडीच्या बाजूनं जायचं सोडून ते लांबून, खुर्च्यांच्या बाजूनं गेले. ते लेकीनं फाटकाच्या फटीतून पाहिलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई दोरीवरचे कपडे काढत होती. लेकीनं सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. आईनं घाबरायला हवं होतं. ती पदरानं हात पुसत एवढंच म्हणाली, "त्यांना कुणी सांगितलंय का, संप आहे म्हणून?"



आईचं म्हणणं सरळ होतं. आयुष्यात एक नागा न केलेला माणूस. ताप असताना गेला, तुझ्या जन्माच्या दिवशी गेला, पडदा पडल्यावर पेढा मागायला धावत आला. अशा माणसाला तुम्ही न सांगता संप करता आणि वर त्यालाच बोल लावता. मग आईनं आत जाऊन हातांच्या पट्ट्या आणल्या. दोर काचू नये म्हणून अण्णा तळहातांना गुंडाळत त्या जुन्या धोतराच्या पट्ट्या. अण्णांच्या मागे आईनं त्या धुऊन घडी करून ठेवल्या होत्या. आता त्या काळ्या होत्या. नाकाशी धरल्या तर ताग, तेल आणि घाम. संप लागल्यापासून रोज खेळानंतर अशा होतात, आई म्हणाली, मी रोज धुते. ती हे अशा आवाजात म्हणाली, की लेकीला कळलं, आईला रोज धुवायला आवडतं आहे. पण मग तीच हळू आवाजात म्हणाली, "दमले असतील गं ते. त्यांना घरी पाठव."

दुसऱ्या दिवशी दुपारचा खेळ सुरू होता होता लेक सामानाच्या मोठ्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार बंद होतं, पण खाली फट होती. तिनं फटीशी वाकून, शेजारणीला हाक मारावी तशा बेतानं सांगितलं, अण्णा, संप आहे. सगळे बाहेर बसलेत. तुम्ही पण या.

कप्पी थांबली. आत नटाचा आवाज तेवढा चालू राहिला.  मग दोर पुन्हा सुटू लागला, जरा जड, जरा सावकाश. आणि खोकला आला, ओला, जुना, तिच्या बालपणाच्या सगळ्या रात्रींतून ऐकलेला.

त्यांना ऐकू आलं होतं. यायचंही होतं. येता येत नव्हतं.

तिथंच, फटीशी वाकलेली असताना, तिच्या ध्यानात ते आलं. माळ्यावर दोर कधीच नुसता एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. घेणारा आधी दोरावर हात ठेवतो, भार जोखतो आणि म्हणतो, घेतला. तो शब्द ऐकल्याशिवाय धरणारा मुठी उघडत नाही, मग हात तुटून पडोत. आणि ज्यानं घेतला म्हटलं, त्याच्याकडून दुसऱ्या कुणी घेईपर्यंत तो दोर त्याचा. अण्णांनी आयुष्यभर हे पाळलं होतं. त्या दुपारी पहारेकऱ्यानं दोर बांधला, बोटं सोडवली, डॉक्टर आले, शिंपीणबाईंनी चादर आणली, लेक रडत होती. सगळं झालं. घेतला असं कुणीच म्हटलं नाही.

तिनं येऊन सुतारकाकांना सांगितलं. काकांनी ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. त्यांना पटायला वेळ लागला नाही. माळ्याखाली जन्म घालवलेल्या माणसाला अशी चूक लगेच कळते. खेळ नसताना जा, कुणीतरी सुचवलं. पण खेळ नसताना दोर खुंटीला असतो, हातात भार नसतो. मोकळा दोर काय घ्यायचा. घ्यायचा तर चालू खेळात, पडदा उतरत असतानाच. म्हणजे कामाच्या वेळी कामाच्या जागी कामाला हात लावायचा.

काका तिला बाजूला घेऊन गेले. "तू हात लावलास, की अण्णांच्या लेकीनं संप मोडला असं संध्याकाळी आपल्यापुढे ठेवतील ते."

"नाही लावला तर अण्णाच मोडतायत."

"आणि तुझ्या हातून घ्यायला वर कोण येणार? मी आलो तर मीही कामावर. संपला मग सगळा कारभार." त्यांनी तिचं मनगट धरलं. "आभाळ आहे ते, पोरी. एकट्यानं धरलेल्याचं काय झालं ते आपण पाहिलंय."

 बोलणी संध्याकाळी होती. त्याआधी हा एकच खेळ. तिनं अण्णांच्या पट्ट्या पिशवीतून काढल्या, तळहातांना गुंडाळल्या, आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. पहारेकऱ्यानं हसून कडी काढली. मागं सतरंजीवर कुणीतरी मान फिरवली, तेही तिला पाठीला जाणवलं.

आत अंधार नव्हता. माळ्याच्या झरोक्यांतून दुपारचं ऊन तिरपं येत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. बदली माणसं भिंतीशी दाटीनं उभी होती, सगळी शिडीपासून लांब. धाकटे मालक विंगेत होते. तिला पाहून त्यांनी हात जोडल्यासारखं केलं, उशिरा आलेल्या पाहुण्याचं करतात तसं. ती शिडी चढू लागली. लोखंड गार होतं, विहिरीच्या काठासारखं.

माळ्यावर कुणी नव्हतं. खुंट्या, दोर, फळ्या, धूळ. पण आभाळाचा दोर कप्पीतून सरळ खाली येत होता आणि छातीच्या उंचीवर, हवेतच, भिंतीकडे वळला होता. वळणापाशी तो दोन ठिकाणी दबलेला होता, मुठींच्या रुंदीएवढा. त्यापुढचं मोकळं टोक फळीवर लोळत होतं आणि हळूहळू, वीतवीत, वर चढत होतं. खाली आभाळ उतरत होतं.

लेकीला भीती वाटली. बाप असला म्हणून काय झालं. मेलेल्याच्या शेजारी उभं राहायला माणसाचं अंग तयार नसतं.  तिनं पाय फळीवर रोवले, अण्णांनी शिकवले तसे, एक पुढं, एक आडवा, आणि दबलेल्या जागेच्या वर हात ठेवला. तिथली हवा घामेजलेली होती.

"अण्णा," ती म्हणाली, "घेतला."

काही झालं नाही. मग दोराला एक बारीक हिसका बसला. ही त्यांची खोड. समोरच्यानं घेतला म्हटलं तरी एकदा ओढून बघायचे, की म्हणतोय ते खरं आहे ना. तिनं सगळं बळ लावून उलट हिसका दिला.

आभाळ तिच्या हातांवर आलं. खांदे उखडतात की काय असं वाटलं, पाठ भिंतीवर आदळली, टाचा फळीत रुतल्या. अर्ध्यावर आलेला पडदा जागच्या जागी थांबला. मानेमागे कुणाचा तरी श्वास लागला. तिची पकड बघत होते, अंगठा कुठं आहे, पाय कुठं आहे. आभाळ धरताना अण्णा आधी पायच बघायचे. बराच वेळ तो श्वास तिथं राहिला. तिला मागं वळून बघायचं होतं. दोर धरलेल्या माणसाला वळता येत नाही.

खालून मालकांनी हाक दिली, शाबास, आता सावकाश खाली घ्या. तिनं काही केलं नाही. पुन्हा हाक आली, दबक्या आवाजात, कारण खेळ चालू होता. नटानं वाक्य लांबवलं, पुन्हा लांबवलं, शेवटी तो नुसता वर बघत उभा राहिला, आणि प्रेक्षकही आभाळाच्या कडेकडे बघत चिडीचूप झाले. मालकांनी बदली माणसांकडे पाहिलं. एकही हललं नाही. तेव्हा ते स्वतः शिडीला लागले.

बूट लोखंडावर वाजू लागले. ते अर्ध्यात आले असतील नसतील, तेव्हा लेकीच्या मानेवरचा श्वास निघून गेला. शिडीच्या वरच्या टोकाशी एक पायरी वाजली. मग त्याखालची. अनवाणी पाय, जड, दमलेले, एकेका पायरीवर जरा थांबणारे. वर चढणारे बूट आणि खाली उतरणारे पाय एकमेकांच्या जवळ येत गेले. लेकीला मान कलवून शिडीचा कडेचा भाग तेवढा दिसत होता. त्यात तिला मालक दिसले. ते थांबले होते. त्यांनी एक हात सोडला, अंग चोरलं, पोट आत ओढलं आणि भिंतीला चिकटून उभे राहिले, अरुंद जिन्यात समोरून येणाऱ्याला वाट द्यावी तसे. त्यांचे चापून बसवलेले केस जरासे हलले. मग पायऱ्या खाली वाजत गेल्या, आणि कुठंतरी सामानाचं मोठं दार करकरलं.

मालक वर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा होता. त्यांनी माळा प्रथमच वरून पाहिला. फळी धरून ते गुडघ्यांवर बसले.

"कोण गेलं आत्ता खाली?"

"वाट तुम्ही दिलीत," लेक म्हणाली. "तुम्हीच सांगा."

 मग त्यांना खालचा खेळ आठवला असावा. म्हणाले, पडदा सोडा.

"एकटीनं सुटत नाही. सुटला तर कोसळेल."

"मग खुंटीला बांधा."

"दोन्ही हात इथं आहेत."

त्यांनी तिचे हात पाहिले. खुंटी पाहिली. तिच्यात आणि खुंटीत जे अंतर होतं, जिथं एक माणूस उभा राहत असे, ते पाहिलं. "तुम्ही कामावर आलात ना?" असं त्यांनी विचारलं खरं, पण त्यात मघाचा जोर नव्हता.

"काम करत नाहीये. धरणं धरलंय." तिचा श्वास तुटत होता. "ते बाहेर बसलेत, मी इथं वर. दुसरा माणूस येईपर्यंत सोडणार नाही. आणि फार वेळ धरवणारही नाही."

मालकांनी दोराचं मोकळं टोक उचललं आणि खुंटीला गुंडाळून बघितलं, बुटाची नाडी बांधतात तसं. निसटलं. पुन्हा गुंडाळलं, पुन्हा निसटलं. तेवढ्यात तिच्या हातातून दोर बोटभर सरकला आणि आभाळ खचलं. खाली कुणीतरी किंचाळलं. मालक फळीच्या कडेवरून वाकले आणि खेळ, प्रेक्षक, बोलणी, सगळं विसरून त्यांनी पहारेकऱ्याला ओरडून सांगितलं, फाटक उघड, त्या सुताराला वर पाठव, माझं नाव सांग. मग जरा थांबून, अजून मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की माळ्यावर दोन माणसं, इथून पुढं रोज, मी कबूल करतो.

शब्द हवेत राहिले. लेकीचे दंड थडथड उडत होते. काकांना फाटकापासून इथं यायला वेळ लागणार होता, आणि गुडघे त्यांचे कधीचेच गेलेले. तिनं डोळे मिटले. तेव्हा तिच्या हातांमागे, दोरावर, आणखी दोन हात आले. मऊ, गार, घाबरलेले. भार जरासा हलका झाला.

"धरा," ती म्हणाली, "पण घेतला म्हणू नका. म्हटलंत, तर दुसरा कुणी घेईपर्यंत तुमचा."

मालकांनी मान हलवली. त्यांचा श्वास तिच्या मानेवर लागत होता, आणि ते सारखे मागं शिडीकडे बघत होते. पण त्यांनी हात काढले नाहीत. दोघं तशीच उभी राहिली, एका दोराला, पाय रोवून, खालून सुतारकाकांची पावलं ऐकू येण्याची वाट बघत.